उतारावरचं इंजिन

मंगळवारी संध्याकाळी मामांची जीप घाटातल्या मोथा गावाच्या खालच्या वळणावरून दरीत गेली. गाडीत मामा होते. दुसरं कोणी नव्हतं. मी त्यांच्या पुढे, इंगोले बाबूंच्या कारमध्ये होते.

परतवाडा ते चिखलदरा या रस्त्यावर ज्यांनी कधी अपडाऊन केलं असेल, त्यांना मामा आठवत असतील. त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. स्टँडवरचे बाकीचे ड्रायव्हर त्यांना 'सेकंडमामा' म्हणत, कारण घाट उतरताना मामा गाडी सेकंड गेअरमधून काढत नसत. वरच्या नाक्यापासून खालच्या सपाटीपर्यंत त्यांची काळीपिवळी जीप कण्हत, गुरगुरत उतरायची. मागच्या गाड्या हॉर्न वाजवून हैराण व्हायच्या. पुढे काढताना एखादा पोरगा काचेतून डोकं काढून ओरडायचा, "ओ सेकंडमामा, उद्यापर्यंत पोचता का?" मामा खिडकीतून उजवा हात बाहेर काढून त्याला पुढे जायची खूण करत आणि म्हणत, "जा बाप्पा, जा. तुले घाई हाये, मले पोरगी हाये."

ही पोरगी अमरावतीला वसतिगृहात राहून कॉलेज शिकत होती. मामा मूळचे तेल्हाऱ्याकडचे. जीप घेऊन परतवाड्याला आले आणि तिथलेच झाले. शिक्षण सातवीपर्यंत. पण पोरीच्या परीक्षेचं वेळापत्रक त्यांना माझ्या शाळेच्या वेळापत्रकाइतकं पाठ असे.

मी चिखलदऱ्याच्या शाळेत मराठी शिकवायला लागले तेव्हा मला घाटाची फार भीती वाटायची. मी अकोल्याच्या जुन्या शहरात वाढलेली. मोर्णा नदीच्या पुलाला लागतो त्याहून मोठा चढ मी लहानपणी पाहिलेला नव्हता. पहिल्या आठवड्यात उतरताना मी डोळे मिटून बसायचे. मामांनी ते आरशात पाहिलं असावं. सोमवारी त्यांनी पुढची खिडकीजवळची सीट माझ्यासाठी राखून ठेवली.

"डोये मिटून भेव जात नाई, मॅडम," ते म्हणाले. "कान उघडे ठेवा. इंजन रडून राहिलं ना? मंग समजाचं, गाडी आपल्या हातात हाये. इंजन चूप झालं त समजाचं, गाडी आता उताराची झाली."

मी विचारलं, इंजिन चूप कशाला होईल? मामा हसले. त्यांनी मला जे समजावलं ते घाटातल्या प्रत्येक ड्रायव्हरला ठाऊक असतं. उतारावर गाडी आपोआप पळते, म्हणून पुष्कळ जण गेअर काढतात आणि चावी फिरवून इंजिनच बंद करतात. तेवढं डिझेल वाचतं. "वाचते ना, खोटं कायले बोलू," मामा म्हणाले. "पन इंजन बंद असलं की दोन-तीन दाबांत ब्रेक दगड होते. मंग बसा दाबत, बापाचं नाव घेत."

त्यानंतर मला भीती वाटली नाही. इंजिनाचं कण्हणं चालू असेपर्यंत सगळं ठीक आहे, एवढं मला कळलं होतं. महिन्याभरात मी घाट उतरताना पुस्तक वाचू लागले. सीटची स्प्रिंग टोचते म्हणून मामांनी बहिणीकडून सरकी काढलेला कापूस आणवून मामींकडून एक उशी शिवून घेतली. ती फक्त मॅडमची. दुसरं कोणी बसलं की ते उशी काढून मांडीखाली घेत.

मामा रोज एकदा विचारत, "काय म्हनते आज पुस्तक?" मी त्यांना गोष्ट थोडक्यात सांगायची. गोष्टीतला माणूस शेवटी हरला, बिघडला, मेला, असं काही असलं की मामांचा निकाल ठरलेला असे. "एकटाच होता ना थो? म्हनून. गाडी भरलेली असली की मानूस नीट चालवते. खाली गाडीतच बेफिकीर होते." जगातल्या अर्ध्याअधिक दुःखाची त्यांनी अशी बोळवण केली होती. मी हसायची. वर्गात शोकांतिका शिकवताना ते वाक्य आठवून मला एकदोनदा मध्येच थांबावं लागलं आहे.

आम्ही रोजचे सात जण होतो. सरकारी कचेरीतले इंगोले बाबू, दवाखान्यातल्या सिस्टर, मी आणि आणखी चौघे. सातही जणांच्या जागा ठरलेल्या. सिस्टरना सकाळी डबा करून निघायला उशीर होई, तर मामा गाडी चालू ठेवून थांबत आणि त्या आल्या की म्हणत, "या, तुमच्यासाठीच इंजन तापवून राहिलो होतो." पावसाळ्यात शनिवार-रविवारी वर पर्यटकांची झुंबड उडते. दुप्पट-तिप्पट भाडं हातात घेऊन लोक जीपच्या मागे धावतात. शनिवारी आमची शाळा सुटायची वेळ झाली की मामा त्यांना हात जोडत. दुसरा ड्रायव्हर त्यांना येडा म्हणाला, तेव्हा ते माझ्यासमोर त्याला म्हणाले, "टुरिस्ट दोन दिवसाचा. हे जनमाचे."

माझे बाबा वारले त्या दिवशी फोन आला तो शाळेच्या मधल्या सुट्टीत. मी स्टँडवर आले तेव्हा मामांची गाडी भरलेली होती. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, सवाऱ्या खाली उतरवल्या, दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिल्या आणि मला घेऊन निघाले. घाटात मी म्हणाले, "मामा, जरा लवकर…" त्यांनी गेअरला हात लावला नाही. "उतारावर नाई, मॅडम. खाली लागू द्या, मंग पाहा." त्या दिवशीसुद्धा जीप तशीच रडत उतरली. सपाटीला लागल्यावर मात्र अंजनगाव, अकोट कधी मागे गेलं ते मला समजलं नाही. अकोल्यात मोर्णा ओलांडल्यावर आमच्या गल्लीत जीप वळेना, तर ती तिथेच सोडून माझी पिशवी घेऊन ते घरापर्यंत आले. बुद्धवंदना संपेपर्यंत चपला काढून मागे हात जोडून उभे राहिले. परतताना मी डिझेलचे तरी घ्या म्हणून पाकीट पुढे केलं. "बापाच्या मयतीले डिझल नाई पाह्यत," ते म्हणाले आणि दादांना, म्हणजे माझ्या मोठ्या भावाला, जय भीम घालून निघून गेले.

हे सगळं मी लिहिते आहे, कारण पुढचं लिहायला मला जड जातं आहे.

डिझेल महागत होतंच. पण मग असे महिने आले की पंपावरचा आकडा रोज सकाळी बदलायचा. पाच-दहा पैशांनी, कधी पंचवीस पैशांनी. मामा गाडीत बसल्याबसल्या तो मोठ्याने वाचत, जसं कोणी पेपरातलं भविष्य वाचतं. मोथ्याच्या वळणावरच्या चहावाल्याने चहा वाढवला. वरच्या बाजारात भाजी महागली, कारण ती खालून येते. दूध वाढलं, पिठाची गिरणी वाढली, पोरीच्या वसतिगृहातल्या मेसचे पैसे वाढले. ज्याला विचारावं तो डिझेलचं नाव सांगे. मामा एकदा म्हणाले, "डिझल म्हंजे मीठ हाये, मॅडम. कोनाच्या ताटात दिसत नाई, पन समद्याच भाजीत जाते."  वळण घेताना स्वतःशीच म्हणावं तसं म्हणाले, "गंमत अशी हाये, ज्याच्या टाकीत जाते त्याचंच भाडं तेवढं आहे तिथं हाये."

मी तेव्हा हो म्हणाले. पुस्तक वाचता वाचता म्हणतात तसं.

त्यानंतर एका सोमवारी सकाळी, सगळे बसल्यावर, मामांनी इंजिन चालू केलं नाही. ते मागे वळले. हातात गाडी पुसायचं फडकं होतं, त्याची घडी घालत, उलगडत म्हणाले, "एक बोलाचं होतं. फेरीमागं दहा रुपये वाढवाचे म्हनतो. जमन काय?"

 मग इंगोले बाबू म्हणाले, "मामा, आमच्यावरच काढता काय समदं? आमी काय पंप टाकला हाये?"

सिस्टर म्हणाल्या, "एकीकडून घरचे म्हंता, अन् घरच्यांच्याच खिशात हात घालता?"

"जास्त करसान त आमी एक कारच घेतो, मामा," इंगोले बाबू म्हणाले. "तुमाले सुट्टीच." सगळे हसले. मामाही हसले. हसता हसता त्यांनी पुढच्या सीटकडे, माझ्याकडे पाहिलं. माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. मी पान उलटलं. त्या पानावर काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

"राहू द्या," मामा म्हणाले आणि त्यांनी चावी फिरवली.

त्याच महिन्यात आम्हा सगळ्यांचा महागाई भत्ता वाढला, मागच्या महिन्यांच्या फरकासह. इंगोले बाबूंनी गाडीत पेढे वाटले. मामांनी विचारलं, "कायचे हो पेढे, बाबूसाहेब?" इंगोले बाबू म्हणाले, "महागाईचे!" मामांनी एक पेढा उचलला, कपाळाला लावला. "चांगलं हाये," ते म्हणाले. "महागाईनं कोनाचं त तोंड गोड केलं."

पंधरा-वीस दिवसांनंतरची गोष्ट. आम्ही संध्याकाळी उतरत होतो. मोथा मागे पडलं आणि वाचता वाचता मला कशाची तरी उणीव जाणवली. मी डोकं वर केलं. टायरांचा आवाज येत होता. बांबूच्या बेटातून वारा जात होता, तोही ऐकू येत होता. मागून सिस्टर म्हणाल्या, "किती गुळगुळीत चालली हो मामा आज गाडी! काम केलं काय?"

"हो, केलं थोडं," मामा म्हणाले.

त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आवळलेले होते. मानेवर घाम होता. ते माझ्याकडे पाहत नव्हते. खाली सपाटी दिसू लागल्यावर त्यांनी चावी फिरवली, इंजिन खोकलं आणि चालू झालं. गाडीत माझ्याशिवाय कोणाच्या ते लक्षातही आलं नाही, कारण कान उघडे ठेवायला त्यांनी फक्त मला शिकवलं होतं.

परतवाड्याला सगळे उतरले. मी बसून राहिले.

"मामा, इंजिन बंद होतं."

"हो."

"तुम्हीच मला सांगितलं होतं ना…"

"सांगतलं होतं." ते काच पुसू लागले. स्वच्छच होती. "थे दहा रुपये मले कुठून त काढा लागतात, मॅडम. चढावर निघत नाई, सपाटीवर निघत नाई. उतारावरच निघतात."

"मग मला तरी सांगायचं होतं."

"तुमालेच त सांगतलं. समद्यांच्या पुढं सांगतलं. तुमी पुस्तकातून वर नाई पाह्यलं."

यात टोमणा नव्हता. कोणत्या दिवशी कोणत्या स्टँडवर गाडी लागली होती हे सांगावं, तसं ते म्हणाले होते. मी म्हणाले, उद्यापासून माझे दहा रुपये मी वेगळे देईन. त्यांनी मान हलवली. "समद्यांनी देल्लं त भाडं. एकानं देल्लं त भीक."

मग मी म्हणाले की मला वचन द्या. शाळेतल्या मुलांकडून घ्यावं तसं मी ते घेतलं, आता आठवलं की लाज वाटते. मामांनी काच पुसायचं थांबवलं. मग गळ्याच्या कातडीला चिमटा घेऊन म्हणाले, "माह्या पोरीची आन. गाडीत एक जरी सवारी असली, त इंजन बंद नाई करनार."

दुसऱ्या दिवसापासून जीप पूर्वीसारखी रडत उतरू लागली. मी पुन्हा वाचू लागले. माझ्या दृष्टीने तो विषय संपला होता.

हिवाळ्यात इंगोले बाबूंनी खरोखरच कार घेतली. मोठी, मागेही तिघं आरामात बसतील अशी. पेट्रोल वाटून घ्यायचं ठरलं. प्रत्येकाच्या वाट्याला जे येत होतं ते जीपच्या भाड्यापेक्षा वीस-पंचवीस रुपयांनी जास्त होतं. मामांनी दहाच मागितले होते. पण कारमध्ये एसी होता, आणि 'आपली गाडी' असं म्हणता येत होतं. कोणी कुरकुर केली नाही. आधी सिस्टर गेल्या, मग आणखी दोघे. उरलेले दोघे आपापल्या मोटारसायकली काढू लागले. शेवटी रोजच्या सातांपैकी जीपमध्ये मी एकटी राहिले, बाकी वाटेवरच्या सवाऱ्या. मामांनी माझ्याजवळ कोणाचं नाव काढलं नाही. एकदाच म्हणाले, "सिस्टरचा डबा आता वेळेवर होत अशीन. कारवाला थांबत नसन."

त्या मंगळवारी माझ्याकडे तपासायच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि डोकं दुखत होतं. शाळेच्या फाटकासमोर कार थांबली. इंगोले बाबूंनी काच खाली केली. "बसा मॅडम, एक सीट खाली हाये. इतकं ओझं घेऊन कुठं जाता?" स्टँड शाळेपासून दोनशे पावलांवर आहे. मी नाही म्हणू शकत होते. एका दिवसाने काय होतं, असं म्हणून मी बसले.

स्टँडवरून जाताना मामा दिसले. ते पुढचं दार उघडून माझी सीट पुसत होते. त्यांनी कारकडे पाहिलं आणि काचेतून मला पाहिलं. काहीतरी म्हणाले. काच वर होती, मला ऐकू आलं नाही. मग त्यांनी उजवा हात उचलून पुढे जायची खूण केली.

नंतर मला स्टँडवरच्यांनी सांगितलं की त्यांनी अर्धा-पाऊण तास सवारीची वाट पाहिली. थंडीचे दिवस, बाजाराचा वार नाही, कोणी आलं नाही. मग ते रिकामी जीप घेऊन निघाले.

पंचनाम्यात 'ब्रेक निकामी झाल्याने' असं लिहिलं आहे. जीप वर काढली तेव्हा चावी बंद होती आणि गेअर काढलेला होता, हे काढणाऱ्यांनी पाहिलं, पण त्यावरून कोणाला काही वाटलं नाही. मोथ्याच्या वळणावरचा चहावाला मला म्हणाला, "मामाची गाडी मले पाहा लागे नाई, मॅडम. आवाजावरूनच समजे. त्या दिवशी गाडी गेली, पन आवाज नाई गेला."

त्यानंतर कित्येक दिवस मला मामांचा राग येत होता. दुःखाआधी राग आला, हे मी लपवत नाही. मला वाटत होतं, या माणसाने मला फसवलं. पोरीची आण घेऊन फसवलं. मग एका दुपारी वर्गात शिकवता शिकवता मला ते वाक्य शब्दन् शब्द आठवलं. गाडीत एक जरी सवारी असली. त्यांनी वचन मोडलं नव्हतं. त्या वचनात त्यांनी स्वतःला धरलंच नव्हतं, आणि रिकाम्या फेरीचं काय, हे मीही विचारलं नव्हतं. मी सवारी होते. सवारीपुरतं वचन मला पुरेसं वाटलं होतं.

त्या मंगळवारी मी दोनशे पावलं चालून गेले असते, तर गाडीत एक सवारी असती.

आम्ही सगळे मामांच्या घरी भेटायला गेलो. अंगणात खुर्च्या टाकल्या होत्या. इंगोले बाबूंनी डोळे पुसले. ते मनापासून पुसले होते, यात मला शंका नाही. मग म्हणाले, "मामानं एक शब्द बोलाचा होता. भाड्यासाठी आमी काय नाई म्हनलं असतं?" सिस्टरनी मान हलवली. ओसरीत मामी बसल्या होत्या, त्यांनीही ते ऐकलं. इंगोले बाबूंचं म्हणणं कोणी खोडलं नाही. मीही नाही.

निघताना मामांची पोरगी फाटकापर्यंत आली. परीक्षा टाकून आली होती. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, बाबा त सेकंडशिवाय उतरतच नव्हते ना? मंग असं कसं झालं?"

"नव्हते उतरत," मी म्हणाले.

ती आत गेली आणि उशी घेऊन आली. जीपमधून मिळालेल्या सामानात ती होती. "बाबा म्हनत, मॅडमची हाये."

आता त्या वेळेला स्टँडवर दुसरी जीप लागते. तिचं भाडं मामांच्या भाड्यापेक्षा वीस रुपयांनी जास्त आहे. इंगोले बाबूंची कार गॅरेजला असली की सगळे त्याच जीपने जातात आणि मुकाट्याने देतात. मी एसटीने जाते. उशी माझ्याकडे आहे. घाटात मी पुस्तक उघडत नाही, इंजिनाचा आवाज ऐकत बसते.